विंडोज ११ वर खिडकीची कडच दिसत नाही: पतसंस्थेच्या आठ संगणकांवर नेमके काय बदलावे?

कुळागर, फोंडा

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या एका पतसंस्थेचे आठ संगणक विंडोज १० वरून ११ वर आणले आहेत. १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे मागे जायचा विषय नाही. वेगाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती दिसण्याबद्दल. काम करणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, वीस वर्षे संगणकावर हात बसलेले. पाच पडदे १३६६×७६८ चे, तीन १९२०×१०८० चे.

अडचणी अशा:

एकावर एक दोन फोल्डर उघडले की दोन्ही पांढरे. कुठली खिडकी वर आहे, कुठे संपते, कुठे धरून ओढायची, काही कळत नाही. सरकपट्टी दोऱ्यासारखी बारीक, तीही माउस नेल्यावरच उमटते, त्यामुळे खाली आणखी यादी आहे हेच लक्षात येत नाही. राइट क्लिक केले की कट-कॉपीच्या जागी नुसती चित्रे, आणि ज्या गोष्टी रोज लागतात त्या दुसऱ्या मेनूत. टास्कबारवर एक्सेलच्या सहा फायली एकाच चिन्हाखाली. सेव्ह म्हटले की पडदाभर वेगळेच पान उघडते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अहवालाची छपाई मधूनच पासबुकाच्या प्रिंटरवर जाते.

नेटवर "जुने रूप परत आणा" म्हणणारे प्रोग्रॅम आहेत. ते घालावेत का? नसल्यास सेटिंगमध्ये काय काय बदलायचे? शिवाय हे असे का झाले तेही कुणी नीट सांगावे. संचालकांचे मत असे की लेखनिकांना नवे शिकायचेच नाही. बैठकीत ठेवायला दोन मुद्दे हवेत.

खाजन

कुळागरबाब, रूपबदलाचे प्रोग्रॅम पैशांचे व्यवहार होतात त्या संगणकांवर नकोत. टास्कबार, डेस्कटॉप, फोल्डरांच्या खिडक्या हे सगळे एक्स्प्लोरर नावाचा एकच प्रोग्रॅम रंगवतो. एक्स्प्लोररपॅचरसारखी साधने त्याच्या पोटात शिरून त्याचे वागणे बदलतात. महिन्याच्या अपडेटने एक्स्प्लोरर बदलला की साधनाचा हिशेब चुकतो आणि टास्कबार लुकलुकत राहतो किंवा येतच नाही. २४एच२ या आवृत्तीच्या वेळी तर असे साधन घातलेल्या संगणकांवर अपडेटच अडवले गेले होते. ओपन-शेल त्यामानाने निरुपद्रवी, कारण ते मुख्यतः स्टार्ट मेनू बदलते. पण तुमच्या यादीत स्टार्ट मेनूची तक्रारच नाही, मग कशाला?

सेटिंगमधून काय होते ते सांगतो. इंग्रजी विंडोज धरून नावे दिली आहेत.

सरकपट्टी. सेटिंग्ज → ॲक्सेसिबिलिटी → व्हिज्युअल इफेक्ट्स → "ऑलवेज शो स्क्रोलबार्स" चालू. नव्या धाटणीच्या ॲपमध्ये पट्टी कायमची दिसू लागते. जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅममध्ये ती आधीपासून दिसतेच. फायरफॉक्स वापरत असाल तर तिथे सेटिंग्ज → जनरल → ब्राउझिंगखाली याच नावाची वेगळी चौकट आहे. याच पानावर "ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स" आणि "ॲनिमेशन इफेक्ट्स" बंद करून टाका. पहिल्याने मागचा रंग पुढच्या खिडकीत झिरपायचा थांबतो. दुसऱ्याने मेनू सरकत-विरघळत येण्याऐवजी पटकन उमटतो, आणि तो पुरता उमटायच्या आत क्लिक करून चुकीच्या ओळीवर पडण्याचे प्रकार कमी होतात.

खिडकीची कड. हे सगळ्यात महत्त्वाचे. सेटिंग्ज → पर्सनलायझेशन → कलर्स. "ॲक्सेंट कलर" ऑटोमॅटिकवरून मॅन्युअल करा आणि गडद निळा किंवा गडद हिरवा निवडा. फिकट रंगाचा उपयोग नाही. मग अगदी खाली "शो ॲक्सेंट कलर ऑन टायटल बार्स अँड विंडोज बॉर्डर्स" चालू करा. आता ज्या खिडकीत काम चालू आहे तिचीच डोक्यावरची पट्टी रंगीत, बाकीच्या पांढऱ्या. "कुठली वर?" हा प्रश्न तिथेच मिटतो.

यात एक अडचण आहे. ब्राउझर आणि ऑफिस डोक्यावरची पट्टी स्वतः रंगवतात, ते या सेटिंगला जुमानतीलच असे नाही. ऑफिससाठी फाइल → अकाउंट → ऑफिस थीम → "कलरफुल" करा. एक्सेल हिरवे, वर्ड निळे. लेखनिकाला रंगावरून प्रोग्रॅम ओळखू येतो, हा वरचा फायदा.

खिडकी ओढायला जागा सापडत नसेल तर कळफलक वापरा. ऑल्ट + स्पेस, मग एम, मग बाणांच्या कळा म्हणजे खिडकी हलते. एमच्या जागी एस दाबले तर आकार बदलतो, एंटर दाबले की पक्के. ७६८ ओळींच्या पडद्यावर एखाद्या चौकटीचे ओके बटण पडद्याखाली गेले तर हीच युक्ती. मात्र काही मदतनीस ॲप ऑल्ट + स्पेस ही जोडी स्वतःकडे ओढून घेतात. खिडकीचा मेनू न येता भलतेच काही उघडले तर त्या ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडी काढून घ्या.

टास्कबार. पर्सनलायझेशन → टास्कबार → टास्कबार बिहेवियर्स. "कंबाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स" यात "नेव्हर" निवडा. सहा फायलींची सहा बटणे होतील, प्रत्येकावर नाव. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आले तेव्हा ही सोय काढून टाकलेली होती. २०२३ मध्ये परत दिली. म्हणजे कुरकुर अगदीच वाया जात नाही. तिथेच "टास्कबार अलाइनमेंट" लेफ्ट करा.

राइट क्लिक. शिफ्ट दाबून राइट क्लिक केले की थेट जुना, पूर्ण मेनू येतो. कळफलकावरून शिफ्ट + एफ१०. हे एवढे एक वाक्य कागदावर लिहून प्रत्येक पडद्याच्या कडेला चिकटवा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत) बदल करून जुना मेनू कायमचा आणता येतो, पण आठ संगणकांवर रजिस्ट्री चाळत बसण्यापेक्षा शिफ्ट बरे. कट-कॉपीच्या चित्रांखाली शब्द हवे असतील तर आवृत्ती बघा: विंडोज + आर, मग विन्व्हर (winver) टाइप करून एंटर. २४एच२ पासून त्या चित्रांखाली नावे येऊ लागली आहेत.

फोल्डर. व्ह्यू → "कॉम्पॅक्ट व्ह्यू" केल्याने ओळींमधली फुकट जागा जाते. व्ह्यू → शो → "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" चालू ठेवाच. पावतीच्या नावाने आलेली फाइल पीडीएफ आहे की चालणारा प्रोग्रॅम, हे शेपटी पाहिल्याशिवाय कळत नाही. तीन टिंबांवर क्लिक → ऑप्शन्स → जनरलमध्ये "ओपन फाइल एक्स्प्लोरर टू" यात "धिस पीसी" करा, म्हणजे "होम"वरच्या अलीकडच्या फायलींच्या गर्दीत कुणी हरवणार नाही.

हे बहुतेक बदल त्या त्या लॉगिनपुरते असतात. एका संगणकावर तिघे वेगवेगळ्या नावाने येत असतील तर तीनदा करावे लागतील. मोठे वार्षिक अपडेट झाले की एकदा डोळ्यांखालून घाला.

अबोली_मडगाव

खाजन यांनी उपाय दिलेत, मी "का" याबद्दल लिहिते. संचालकांना हेच हवे आहे.

पडद्यावरची वस्तू वापरायची तर आधी ती दिसावी लागते आणि मग तिच्यावर माउस नेता यावा लागतो. दोन्हींना मोजमापे आहेत, मत-मतांतराचा प्रश्न नाही.

दिसण्याचे माप म्हणजे उजेडाचे गुणोत्तर. वेबवरच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत (डब्ल्यूसीएजी), त्यांत साध्या मजकुराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १ सांगितले आहे. २०१८ च्या २.१ आवृत्तीत बटणांच्या आणि चौकटींच्या कडांनाही ३ : १ लागू झाले. आता पांढऱ्या खिडकीशेजारी एक अगदी फिकट राखाडी रंग ठेवा, २५५ पैकी २४३ उजेडाचा. गुणोत्तर जेमतेम १.१ : १ येते. तरुण डोळ्यांना, महागड्या पडद्यावर, अंधाऱ्या खोलीत ते दिसेल. पतसंस्थेत खिडकीतून उन्हाची तिरीप येते आणि पडदा दहा वर्षांचा असतो. हे निकष वेबसाठी लिहिलेले, पण डोळे तेच आहेत.

पोचण्याचे माप पॉल फिट्स यांनी १९५४ सालीच मांडले: लक्ष्य जितके दूर आणि जितके बारीक, तितका हात न्यायला वेळ. पडद्याचा कोपरा म्हणजे फुकटात मिळालेले सर्वांत मोठे लक्ष्य, कारण माउस कितीही जोरात सारला तरी तो कोपऱ्याच्या पुढे जात नाही. विंडोज ९५ पासून स्टार्ट तिथेच होते. आता ते मधोमध आणले, त्यात नवा प्रोग्रॅम उघडला की सगळी रांग डावीकडे सरकते आणि स्टार्टही सरकते. वीस वर्षे हाताला जी जागा पाठ होती ती गेली. लेफ्ट अलाइनमेंट करा हे खाजन यांनी एका ओळीत उरकले, पण माझ्या मते यादीत ते पहिले असायला हवे.

मग हे असे केले कुणी आणि कशासाठी? बोटासाठी. बोट जाड असते, म्हणून टचच्या पडद्यावर बटणाला ४४ ते ४८ एककांची जागा धरतात आणि दोन ओळींत मोकळे अंतर सोडतात. बोटाला पडदा सरकवायला पट्टी लागत नाही, म्हणून पट्टी लपली. मॅकवर ती २०११ च्या लायन आवृत्तीत लपवली गेली (तिथेही अपिअरन्समध्ये "शो स्क्रोल बार्स" → "ऑलवेज" आहे). विंडोज ८ ने २०१२ मध्ये स्टार्टचे बटणच काढले आणि वर्षभरात ८.१ मध्ये ते मुकाट्याने परत ठेवले. एकच आराखडा फोनला, टॅब्लेटला आणि डेस्कटॉपला चालवायचा हट्ट धरला की तोटा डेस्कटॉपलाच होतो, कारण माउसची अचूकता वाया जाते आणि मोकळी जागा मात्र पदरी पडते.

आणि ट्रान्सपरन्सीच्या, म्हणजे काचेच्या रूपाबद्दल. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या जनेलांना शिंपल्यांची तावदाने असत. उजेड आत येतो, ऊन येत नाही, पलीकडचे दिसत नाही. घराला ते शहाणपणाचे. संगणकाच्या जनेलाला तेच केले तर पलीकडचे धड दिसत नाही आणि अलीकडचे वाचता येत नाही. ॲपलने २०२५ च्या मॅक आवृत्तीत हाच काचेचा सोस वाढवला आहे, तिथे ॲक्सेसिबिलिटी → डिस्प्ले → "रिड्यूस ट्रान्सपरन्सी" आधी चालू करावे.

बैठकीत एवढेच दाखवा: तीच खिडकी, एकदा जशी आली तशी आणि एकदा पट्टी रंगवून. संचालकांना स्वतःला विचारा, वरची कुठली.

दीपगृह

थोडा विरोध. "पूर्वी सगळे दिसायचे" हे अर्धसत्य आहे. लपवाछपवी जुनीच. ऑफिस २००० मध्ये कमी वापरातल्या ओळी मेनूतून आपोआप गायब व्हायच्या, खालच्या दुहेरी बाणावर क्लिक केले किंवा थोडे थांबले की मगच यायच्या, आणि मेनू दर वेळी वेगळाच दिसायचा. त्याच सुमारास, विंडोज २००० मध्ये, मेनूतल्या अक्षरांखालच्या रेघा लपल्या. व्हिस्टाने २००७ मध्ये फोल्डरचा मेनूबारच लपवला, ऑल्ट दाबल्यावर दिसायचा. तेव्हा दोष एका आवृत्तीचा नाही.

त्या रेघा परत मिळतात: ॲक्सेसिबिलिटी → कीबोर्ड → "अंडरलाइन ॲक्सेस कीज". जुन्या धाटणीच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये याचा फार उपयोग. कुठल्या अक्षराने कुठले बटण दाबले जाते ते समोर दिसते, माउस लागतच नाही.

आणि पडद्याच्या मापाचा मुद्दा वर कुणीच घेतलेला नाही. १३६६×७६८ वर अक्षर मोठे दिसावे म्हणून कुणी स्केल १२५ टक्के केले असेल, तर प्रोग्रॅमांच्या वाट्याला प्रत्यक्षात सुमारे १०९३×६१४ एवढीच जागा उरते. त्यात रिबन (वरची बटणांची रुंद पट्टी), सूत्रपट्टी, टास्कबार गेले की एक्सेलच्या ओळी किती उरणार? निम्म्या तक्रारी इथूनच निघालेल्या असतील. त्या पाच पडद्यांवर स्केल १०० टक्के ठेवा आणि ॲक्सेसिबिलिटी → टेक्स्ट साइजमध्ये ११० ते ११५ करून बघा. यात फक्त अक्षर वाढते, बाकीची जागा वाचते. ते सरकवून झाल्यावर "अप्लाय" दाबायला विसरू नका, नाहीतर काहीच होत नाही. प्रत्येक प्रोग्रॅम हे मानेल असे नाही.

रिझोल्यूशन कमी करून अक्षर मोठे करणे मात्र मुळीच नको. सपाट पडद्याचे ठिपके ठरलेले असतात. १३६६ ठिपक्यांच्या पडद्यावर १०२४ चे चित्र ताणले की प्रत्येक अक्षराची कड पुसट होते आणि डोळे जास्त दुखतात.

१९२०×१०८० वाल्या तिघांवर १२५ टक्के चालेल. तिथे हिशेबाचा जुना प्रोग्रॅम धूसर दिसला तर त्याच्या चिन्हावर राइट क्लिक → प्रॉपर्टीज → कंपॅटिबिलिटी → "चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज" → खालच्या "ओव्हरराइड"वर खूण करून "सिस्टम (एन्हान्स्ड)". त्याने धूसरपणा गेला नाही तर तिथेच "ॲप्लिकेशन" निवडा. अक्षर बारीक होईल, पण स्वच्छ दिसेल.

तिसवाडी

छपाईचे उत्तर राहिले. पासबुकाचा प्रिंटर हा डॉट मॅट्रिक्स, अहवालाचा लेझर. विंडोजमध्ये "लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर" चालू असेल तर त्या ठिकाणी ज्या प्रिंटरवर शेवटची छपाई झाली तोच नेहमीचा ठरतो. रोखपालाने एक पासबुक छापले की पुढचा बारा पानी अहवाल पासबुकाच्या प्रिंटरकडे. यात लेखनिकाची चूक शून्य.

सेटिंग्ज → ब्लूटूथ अँड डिव्हायसेस → प्रिंटर्स अँड स्कॅनर्स. खाली जाऊन ते बंद करा. मग लेझर प्रिंटरच्या नावावर क्लिक करून "सेट ॲज डीफॉल्ट". क्रम हाच ठेवा, कारण पहिले चालू असताना दुसरे बटण दिसतच नाही. पासबुकाच्या प्रोग्रॅममध्ये त्याचा प्रिंटर नावाने ठरवून द्यायची सोय असेल तर तीही करून घ्या.

सेव्हचे पडदाभर पान घालवायला एक्सेल आणि वर्ड दोन्हीकडे फाइल → ऑप्शन्स → सेव्ह. दोन खुणा: "डोन्ट शो द बॅकस्टेज व्हेन ओपनिंग ऑर सेव्हिंग फाइल्स विथ कीबोर्ड शॉर्टकट्स" आणि "सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डीफॉल्ट". त्याशिवायही एफ१२ दाबले की थेट जुनी "सेव्ह ॲज"ची चौकट येते. ही एक कळ शिकवली तरी पुरे.

रिबन जागा खात असेल तर कंट्रोल + एफ१ ने मिटतो, त्याच जोडीने परत येतो. आणि ज्यांना एक्सेल २००३ ची बोटे आहेत त्यांना सांगा की इंग्रजी एक्सेलमध्ये ऑल्ट, ई, एस हा पेस्ट स्पेशलचा जुना क्रम अजून चालतो. मेनू २००७ मध्ये गेला, कळांचा क्रम मागे राहिला.

वनड्राइव्हकडेही (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) बघा. नव्या मांडणीत ते डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर स्वतःकडे वळवते. मग "डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल" प्रत्यक्षात वनड्राइव्हच्या फोल्डरात असते आणि जुन्या प्रोग्रॅमला दिलेला पत्ता चुकतो. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये "सिंक अँड बॅकअप" → "मॅनेज बॅकअप" इथून थांबवता येते. पण थांबवण्याआधी सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या. काही आवृत्त्यांत थांबवल्यावर फायली वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहतात, समोर डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि कचेरीत हलकल्लोळ माजतो. फायली गेलेल्या नसतात, त्या फोल्डरातून हाताने परत आणायच्या.

कुळागर, फोंडा

अबोलीबाय, खाजन, सगळ्यांचेच देव बरें करूं. दोन संगणकांवर करून पाहिले. रंगीत पट्टी आणि टास्कबारची नावे यांनी सर्वांत मोठा फरक पडला. प्रिंटरची ती खूण आठही ठिकाणी चालू होती!

आणखी दोन प्रश्न. एक: पत्रे मराठीत, हिशेब इंग्रजीत. कुठली भाषा चालू आहे ते दाखवणारे चिन्ह घड्याळाशेजारी इतके बारीक आहे की टाइप केल्यावरच चूक कळते. दोन: आणखी दोन जुने संगणक विंडोज ११ घेतच नाहीत. त्यांचे काय?

खाजन

भाषेसाठी: सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → टायपिंग → "ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज". "यूज द डेस्कटॉप लँग्वेज बार व्हेन इट्स अव्हेलेबल" यावर खूण करा. जुनी, सुटी भाषापट्टी येते, ती हवी तिथे ओढून ठेवता येते. वर उजवीकडे, पण बंद करायच्या फुलीपासून दूर ठेवा. त्याच पानावर "लेट मी यूज अ डिफरंट इनपुट मेथड फॉर ईच ॲप विंडो" आहे. ते केले की वर्डमध्ये मराठी आणि एक्सेलमध्ये इंग्रजी, आपापले लक्षात राहते. खिडकी उघडी असेपर्यंत दर वेळी बदलायची गरज उरत नाही. बदलायचे झालेच तर विंडोज + स्पेस.

मराठी चालू असताना स्टार्ट दाबून प्रोग्रॅमचे नाव टाइप केले तर देवनागरी अक्षरे उमटतात आणि शोधात काहीच सापडत नाही. मग "एक्सेल उडाले" असा फोन येतो. रोजचे चार प्रोग्रॅम टास्कबारवर पिन करून ठेवा, शोधायची वेळच येणार नाही. पिन केलेल्या पहिल्या प्रोग्रॅमला विंडोज + १, दुसऱ्याला विंडोज + २.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाणित कळफलक) येत नसेल तर विंडोजमध्येच "मराठी फोनेटिक" कळफलक आहे, २०१९ पासून. भाषेच्या पर्यायांत "ॲड अ कीबोर्ड" करून घ्यायचा. बाहेरचे काही उतरवू नका.

देवनागरीचा आणखी एक त्रास नव्या मांडणीत दिसतो: ओळीची उंची लॅटिन अक्षरांच्या मापाने धरलेली असते आणि आपल्याला वर वेलांटी-रफार, खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते. एक्सेलमध्ये ओळी कापलेल्या दिसल्या तर कंट्रोल + ए करून ओळींच्या क्रमांकांमधल्या रेघेवर डबल क्लिक करा, उंची आपोआप जुळते. मर्ज केलेल्या खणांत मात्र जुळत नाही, तिथे हाताने.

दीपगृह

जुन्या दोघांबद्दल. विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची सोय) लागते, आणि इंटेलचा संगणक असेल तर साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर. टीपीएम कधी कधी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) नुसते बंद असते (इंटेलवर "पीटीटी", एएमडीवर "एफटीपीएम" नावाने), ते आधी तपासा. प्रोसेसरच जुना असेल तर जबरदस्ती करू नका.

विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती तिथे छान चालेल आणि तुमच्या मूळ तक्रारीचे उत्तरही तिथे आहे: टास्कबारवर नावे, मेनू जागच्या जागी, कोपऱ्यात बटण. पण तिथेही काही थीममध्ये खिडकीची कड एका ठिपक्याइतकी बारीक असते, धरता येत नाही. ऑल्ट दाबून खिडकीत कुठेही डाव्या बटणाने ओढले की ती हलते, उजव्या बटणाने ओढले की आकार बदलतो. कड शोधायचीच नाही. तिथे ऑफिसच्या जागी असलेल्या लिब्रेऑफिसमध्ये व्ह्यू → यूजर इंटरफेस → "स्टँडर्ड टूलबार" ठेवा, मेनूसकट जुनी मांडणी मिळते. रिबनसारखे हवे असेल तर "टॅब्ड".

मात्र हिशेबाचा प्रोग्रॅम, पासबुकाचा प्रिंटर आणि अंगठ्याच्या ठशाचे यंत्र यांचे लिनक्ससाठी ड्रायव्हर असतीलच असे नाही. पुरवठादाराला आधी विचारा. नसतील तर ते दोन संगणक फक्त पत्रव्यवहाराला.

तिसवाडी

एक राहिलेच, आणि ते पतसंस्थेला लागू आहे. नवे नोटपॅड बंद करून उघडले तरी आधीचा न साठवलेला मजकूर पुन्हा समोर आणते. पावसाळ्यात वीज जाते-येते त्या दिवसांत ही सोय मोलाची, तेव्हा नव्यातले सगळेच टाकाऊ नाही. पण सभासदांसमोरच्या टेबलावर तिचा घोटाळा होतो: एकाचा खातेक्रमांक आणि फोन टिपून घेतला, नोटपॅड बंद केले, पुढच्या सभासदासाठी उघडले की आधीच्याची माहिती पडद्यावर.

नोटपॅडमध्ये वर उजवीकडचे दातेरी चाक → "व्हेन नोटपॅड स्टार्ट्स" → नवे सत्र सुरू करून न साठवलेले टाकून देण्याचा पर्याय निवडा. फक्त काउंटरवरच्या संगणकांवर. आतल्या टेबलांवर आहे तसे राहू दे.